आजीचा फोटो हिरवा का येतो?



आपल्या घरातल्या भिंतीवर फोटो किती आहेत, ते एकदा मोजून पाहावे. भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असतेच. तिच्या शेजारी घरातल्या गेलेल्या माणसांचे एक-दोन फोटो असतात. त्याहून एक पिढी मागे गेले की भिंत रिकामी. पणजा-पणजीचा फोटो सहसा नसतोच, कारण फोटो काढायला पैसा लागत होता आणि तालुक्याच्या गावी स्टुडिओत जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडत होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसे बाबासाहेबांमागून चालत गेली, त्यांचे नाव अभिमानाने सांगणारे नातू-पणतू आमच्या भागात भेटतात. त्यांचा चेहरा दाखवणारा फोटो मात्र क्वचितच भेटतो.

म्हणून ज्या घरात एखादा जुना फोटो शिल्लक आहे, त्या घरात तो एकुलता एक आहे, असे समजून वागावे. कुणाकडे आजोबांच्या गिरणीच्या पासावरचा फोटो असतो. कुणाकडे मुंबईला नोकरी लागल्यावर स्टुडिओत उभे राहून काढलेला, मागे रंगवलेला पडदा असलेला. आणि कित्येक आजींचा आयुष्यातला एकच फोटो म्हणजे निवडणूक ओळखपत्रावरचा. शेषनसाहेब मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ साली ही ओळखपत्रे सुरू झाली, तेव्हा गावोगावी शाळेच्या व्हरांड्यात रांगा लावून फोटो काढले गेले. बोटाच्या पेराएवढा, काळापांढरा. पण त्या आजीचा तोच एक.

हे एकुलते एक फोटो किती सहज जातात, ते आपल्या किनाऱ्याने डोळ्यांनी पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग या बाजूला कौले आणि पत्रे उडाले आणि पाऊस थेट भिंतीवर कोसळला. पुढच्याच वर्षी जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. तेव्हापासून लोकांना जुन्या फोटोंच्या प्रती काढून ठेवण्याची निकड वाटू लागली आहे. याच सुमारास कोरोनाच्या काळात मुलांच्या अभ्यासासाठी अनेक घरांत शाई भरण्याचे रंगीत प्रिंटर आले. साधन घरात, फोटो घरात, मग स्टुडिओत कशाला जायचे, असे वाटणे साहजिक आहे.

पण येथेच घोटाळा होतो. फोनवर फोटो छान दिसतो, आणि कागदावर मात्र कधी हिरवट येतो, कधी गुलाबी, कधी निळसर. काळापांढरा फोटो काळापांढरा येतच नाही. या वर्षभरात हा प्रश्न इतक्यांनी विचारला, की यावेळचा लेख त्यासाठीच ठेवला आहे.

हा प्रश्न हौसेचा आहे असे कुणी समजू नये. वादळानंतर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका घरात भिजलेल्या फोटोची नवी प्रत करून फ्रेमसह दिली गेली. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, “हे आजारी दिसतात. हे असे नव्हते.” चेहऱ्यावर हिरवी झाक होती. मुलाला ती जाणवलीही नव्हती. बाईंना ती आधी दिसली. ज्या माणसाने आयुष्यभर मान ताठ ठेवून काम केले, त्याचा भिंतीवरचा चेहरा आजारी दिसू नये, एवढीच अपेक्षा आहे. ती पुरी करता येते.

तेरीज जुळत नाही, म्हणून झाक येते

जुन्या फोटोचे काळे कशाचे होते, ते आधी पाहू. स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत ज्या ब्रोमाइड कागदावर फोटो निघायचा, त्यावर चांदीचे क्षार असत. उजेड लागला की त्यांतून शुद्ध चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होत आणि ते काळे दिसत. आपल्या देशात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ हा माल अनेक स्टुडिओंत वापरला जाई; तो कारखाना आता बंद झाला आहे. मुद्दा असा, की त्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या छटा एकाच वस्तूच्या होत्या. कण दाट असले तर काळे, विरळ असले तर राखाडी. त्यामुळे एका ठिकाणी हिरवे आणि दुसऱ्या ठिकाणी गुलाबी होण्याचा सवालच नव्हता.

आपला घरचा प्रिंटर तसा नाही. त्यात चार शाया असतात: निळसर ‘सायन’, गुलाबी-जांभळी ‘मॅजेंटा’, पिवळी आणि काळी. राखाडी नावाची शाई त्यात नाही. फोटोच्या कागदावर राखाडी छटा हवी असेल, तर यंत्र सायन, मॅजेंटा आणि पिवळी या तिघींचे बारीक थेंब शेजारी शेजारी टाकते. तिन्ही योग्य प्रमाणात पडल्या तर डोळ्याला राखाडी दिसते. एक जरी किंचित कमी-जास्त झाली, तर राखाडी त्या बाजूला झुकते.

हिशेबनीस मंडळींना हे लगेच कळेल. तेरीज मांडली आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर फरक पाच रुपयांचा असो की पाचशेचा, पान चुकलेच. रंगीत फोटोत हा फरक लपून जातो. साडी थोडी जास्त लाल आली, झाड थोडे जास्त हिरवे आले, तर कुणाला कळत नाही. राखाडी फोटोत लपायला जागाच नाही. माणसाचा डोळा राखाडीतली रंगाची झाक फार लवकर ओळखतो, आणि चेहऱ्यावर असेल तर त्याहून लवकर.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई एका जातीची आणि रंगीत शाया दुसऱ्या जातीच्या असतात. काळी असते बारीक भुकटीची, म्हणजे पिगमेंटची. रंगीत असतात पाण्यात विरघळणाऱ्या, म्हणजे डायच्या. पिगमेंटची काळी शाई चकचकीत कागदावर नीट धरत नाही. म्हणून चकचकीत फोटो पेपर निवडला, की असे यंत्र काळी शाई जवळजवळ बाजूला ठेवते आणि सगळे काळे-राखाडी तीन रंगांतूनच बनवते. लोक म्हणतात, “काळी शाई तर भरलेली आहे, मग फोटो हिरवा कसा?” उत्तर हे आहे.

दोष फाइलचा की यंत्राचा?

डॉक्टर आधी नाडी पाहतात, मग औषध देतात. तसेच येथे करावे. झाक फाइलमध्ये आहे की यंत्रातून येते, हे आधी ठरवावे.

जुना फोटो सहसा पिवळा किंवा तपकिरी पडलेला असतो. तो रंगीत स्कॅन केला की ते पिवळेपण फाइलमध्ये येते आणि यंत्र ते इमानाने छापते. त्यात यंत्राचा दोष नाही. फोनने फोटो काढला तर खोलीतल्या दिव्याचा रंगही त्यात मिसळतो. म्हणून शक्य असेल तर स्कॅनरच वापरावा. बहुतेक घरगुती प्रिंटरांवर तो असतोच.

स्कॅन किती बारकाईने करावा? पोस्टकार्डाएवढा फोटो तेवढाच किंवा दुप्पट करायचा असेल, तर इंचाला ६०० ठिपके पुरतात. पण ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो १० इंच उंच करायचा असेल, तर १२०० ठिपक्यांवर स्कॅन करावा. मग छपाईत इंचाला सुमारे २१० ठिपके मिळतात आणि भिंतीवर लावायला तेवढे पुरे होतात. ओळखपत्रावरचे प्लॅस्टिक उचकटून फोटो काढू नये, तो फाटतो. प्लॅस्टिकसकटच काचेवर ठेवून स्कॅन करावा.

पुढचे काम संगणकावर करावे. घरी नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा लॅपटॉप चालेल. ‘गिम्प’ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. रंगीत स्कॅन केलेली फाइल त्यात उघडावी. प्रत्येक रंगीत फाइल ही लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांची असते. पिवळे डाग निळ्या थरात सर्वांत गडद दिसतात आणि लाल थरात सर्वांत फिके. म्हणून ‘कलर्स’ या यादीत ‘कंपोनंट्स’ आणि त्यात ‘एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट’ येथे जाऊन लाल थर तेवढा काढला, की निम्मे डाग आपोआप हलके होतात. पासावर ऑफिसचा शिक्का चेहऱ्यावर आला असेल, तर तिन्ही थर एकेक करून पाहावेत. ज्यात शिक्का सर्वांत फिका, तो घ्यावा. मूळ स्कॅन मात्र हात न लावता वेगळा जपून ठेवावा.

आता फाइल निखळ राखाडी झाली की नाही, हे डोळ्याने ठरवू नये. फोनचा आणि संगणकाचा पडदा स्वतःच कधी पिवळा, कधी निळा असतो. आकड्यांनी ठरवावे. गिम्पमध्ये ‘कलर पिकर’ने चेहऱ्यावर कुठेही टिचकी मारली, की लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतात. तिन्ही सारखे असले, उदाहरणार्थ १२८, १२८, १२८, तर फाइल निर्दोष आहे. यापुढे जी झाक येईल ती यंत्राची, शाईची किंवा कागदाची.

यंत्राची तपासणी

प्रथम ‘नोझल चेक’ छापावा. त्यात एखाद्या रंगाच्या रेघा तुटक आल्या, तर त्या शाईची वाट तुंबलेली आहे. मॅजेंटा कमी पडली की फोटो हिरवा होणारच, मग बाकी काही करून उपयोग नाही. यंत्राची ‘हेड क्लीनिंग’ची सोय वापरावी; पण दोन-तीन वेळांपेक्षा जास्त एका दमात नको, त्यात शाई फार जाते. तरीही रेघा तुटकच आल्या, तर रात्रभर यंत्र तसेच ठेवून सकाळी पुन्हा पाहावे. प्रिंटर महिनोन् महिने बंद ठेवला की हा त्रास होतो. आठवड्यातून एक रंगीत पान छापले तर वाट मोकळी राहते.

दुसरे, कागदाची जात. यंत्राला आपण ‘ग्लॉसी’, ‘मॅट’ किंवा ‘प्लेन’ जे सांगतो, त्यावर ते किती शाई टाकायची ते ठरवते. कागद एक आणि सांगितलेली जात दुसरी असेल, तर प्रमाण बिघडते. कागदाची छापायची बाजूही नीट पाहून घालावी.

तिसरे, शाई. कंपनीने आपल्या शाईचा आणि आपल्या कागदाचा मेळ धरून यंत्र बसवलेले असते. बाजारातली स्वस्त शाई वापरणे हा गुन्हा नाही. आपल्या खिशाला ते भागच पडते. पण शाई बदलली की मेळ बदलला. तेरीज नव्याने मांडावी लागणार, हे ध्यानात ठेवावे. एकाच टाकीत दोन कंपन्यांच्या शाया मिसळू नयेत. एक शाई आणि एक कागद ठरवून त्यालाच धरून राहावे. रोज कागद बदलणाऱ्याचा फोटो कधीच जमत नाही.

पहिला उपाय: फक्त काळी शाई

सर्वांत सोपा उपाय म्हणजे रंग वापरायचेच नाहीत. प्रिंटच्या सेटिंगमध्ये ‘ग्रेस्केल’ असा पर्याय असतो. एचपीच्या अनेक यंत्रांत त्यातही दोन प्रकार असतात, ‘ब्लॅक इंक ओन्ली’ म्हणजे केवळ काळी, आणि ‘हाय क्वालिटी ग्रेस्केल’ म्हणजे रंग मिसळून केलेली राखाडी. म्हणजे ‘ग्रेस्केल’वर खूण केली की रंग बंद झाले, असे धरून चालू नये. तुमचे यंत्र नक्की काय करते, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. घड्याळवाल्याकडे असते तसे भिंग घेऊन छापलेल्या फोटोचा राखाडी भाग पाहावा. निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसले तर रंग मिसळले आहेत. फक्त काळे ठिपके दिसले तर केवळ काळी शाई आहे.

केवळ काळी शाई वापरली तर हिरवी-गुलाबी झाक जाते. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. काळ्या शाईचा थेंब काळाच असतो. फिकी छटा दाखवायला यंत्र थेंब लांब लांब टाकते. वर्तमानपत्रातल्या फोटोत ठिपके दिसतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. कपाळ, गाल अशा उजळ भागात रवा सांडल्यासारखे दिसते. हातात धरून पाहायच्या छोट्या फोटोत ते खुपते. भिंतीवर चार-पाच फुटांवरून पाहायच्या फोटोत फारसे जाणवत नाही. यासाठी चकचकीत कागद न घेता मॅट फोटो पेपर घ्यावा आणि सेटिंगमध्येही मॅटच निवडावे, म्हणजे काळी शाई वापरली जाते. ज्यांना आकडेमोड नको, त्यांनी येथेच थांबावे. बऱ्याच घरांचे काम एवढ्यात भागते.

दुसरा उपाय: सात चेहऱ्यांचा कागद

ज्यांना चेहरा गुळगुळीत हवा, त्यांनी रंग मिसळलेलीच राखाडी वापरावी, पण तिची झाक स्वतः काढावी. त्यासाठी फोटो पेपरचे दोन-तीन कागद खर्च होतात. त्यातून कायमचा आकडा हाती येतो.

ए-४ आकाराच्या एका कागदावर फोटोतल्या चेहऱ्याच्या सात छोट्या प्रती मांडाव्यात, प्रत्येकी ६ बाय ८ सेंटिमीटर. मधली प्रत जशीच्या तशी ठेवावी. उरलेल्या सहा प्रतींवर गिम्पमधल्या ‘कलर बॅलन्स’ने एकेक बदल करावा. तेथे तीन पट्ट्या आहेत: सायन ते रेड, मॅजेंटा ते ग्रीन, यलो ते ब्लू. एका प्रतीत पहिली पट्टी १० ने सायनकडे, दुसरीत १० ने रेडकडे. मग तसेच मॅजेंटा-ग्रीनचे दोन, आणि यलो-ब्लूचे दोन. प्रत्येक प्रतीखाली बदल लिहून ठेवावा, नाहीतर नंतर गोंधळ होतो. हा कागद छापताना ‘ग्रेस्केल’वर खूण करू नये. खूण केली तर आपण घातलेला रंग यंत्र पुसून टाकते आणि सातही प्रती सारख्याच येतात.

छापलेला कागद सुकू द्यावा आणि दिवसाउजेडी पाहावा. सातातली जी प्रत सर्वांत निखळ राखाडी, तिच्याखालचा बदल हा आपला आकडा. पाठ करून ठेवण्यासारखा नियम असा: फोटो हिरवा असेल तर मॅजेंटा वाढवावी, गुलाबी असेल तर कमी करावी. निळा असेल तर पिवळी वाढवावी, पिवळा असेल तर कमी करावी. लालसर असेल तर सायन वाढवावी, निळसर-हिरवा असेल तर कमी करावी. पहिल्या कागदावर जी प्रत जवळची वाटेल, तिच्या आसपास ५-५ चे बदल करून दुसरा कागद छापावा. बहुधा दुसऱ्याच कागदावर काम होते.

कधी कधी असे दिसते, की काळे केस हिरवट आणि पांढरा सदरा गुलाबी. अशा वेळी एकाच पट्टीने दोन्ही सुधारत नाहीत. कलर बॅलन्समध्ये ‘शॅडोज’, ‘मिडटोन्स’ आणि ‘हायलाइट्स’ असे तीन भाग असतात. गडद, मधले आणि उजळ भाग त्यात वेगवेगळे सुधारता येतात. हे तपासायला चेहऱ्याशेजारी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ११ पायऱ्यांची एक पट्टी छापावी. कोणती पायरी कुठे झुकते ते त्यात एका नजरेत दिसते.

मिळालेला आकडा वहीत लिहून ठेवावा: कोणते यंत्र, कोणती शाई, कोणता कागद, कोणती सेटिंग, किती बदल. शाई आणि कागद तोच असेल, तर वस्तीतल्या इतर घरांच्या फोटोंनाही त्याच यंत्रावर तो आकडा चालतो. एकाने मेहनत करावी आणि दहा घरांना उपयोग व्हावा, अशी ही गोष्ट आहे.

कोणत्या उजेडात पाहावे?

रात्री ट्यूबलाइटखाली राखाडी दिसलेला फोटो सकाळी ओटीवर नेला की गुलाबी दिसतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. डोळ्यांचा तो दोष नाही. तीन रंग मिसळून केलेली राखाडी उजेडाच्या जातीप्रमाणे बदलते. चांदीची किंवा केवळ काळ्या शाईची तेवढी बदलत नाही. म्हणून आकडा ठरवताना दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, उन्हात नव्हे, पाहावे. मग फोटो जेथे लागणार आहे तेथे, घरातल्या दिव्याखाली पुन्हा पाहावे. दोन्हीकडे थोडे थोडे चालेल असा मध्य काढावा. हिरव्या रंगाच्या भिंतीजवळ उभे राहून तपासू नये.

घाईही करू नये. ताज्या शाईचा रंग आणि सुकलेल्या शाईचा रंग यांत फरक पडतो. चोवीस तास थांबावे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याहून जास्त वेळ लागतो. ओलसर फोटो काचेत घातला तर काचेला चिकटतो आणि मग सुटत नाही. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची जाड चौकट ठेवायला फ्रेमवाल्याला सांगावे. डायच्या शाईला ऊन, दमट हवा आणि उघडा वारा तिन्ही बाधतात. दारासमोर, चुलीच्या धुरात किंवा उन्हाच्या तिरिपेत फोटो लावू नये. घरच्या प्रिंटरवरचा फोटो काही वर्षांनी फिका पडेल, हे धरून चालावे. फाइल जपून ठेवली असेल तर पुन्हा छापता येतो. फाइल एका पेनड्राइव्हवर आणि एक मुंबईतल्या भावाकडे, अशी दोन ठिकाणी ठेवावी. वादळ दोन्ही घरांवर एकाच दिवशी येत नाही.

विहारात किंवा समाजमंदिरात मोठा फोटो लावायचा असेल, तर मात्र घरच्या यंत्राचा हट्ट धरू नये. २००५ साली एप्सनने एकाच वेळी तीन ताकदींच्या काळ्या शाया, म्हणजे काळी, राखाडी आणि फिकी राखाडी, वापरणारी यंत्रे बाजारात आणली. तसल्या यंत्रांत राखाडीसाठी रंगांवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. मुंबई-पुण्यात अशी छपाई करून देणारे आहेत. दुकानात जाऊन “राखाडी शाईचे यंत्र आहे का?” एवढे विचारावे. साध्या लॅबमध्ये छापायला दिला, तरी आधी एक छोटी प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहावी आणि मगच मोठी सांगावी. लॅबचा कागदही रंगीतच असतो. झाक तेथेही येते.

चेहरा बदलू नका

शेवटी एक गोष्ट, जी यंत्राची नसून आपल्या मनाची आहे. झाक काढता काढता अनेकांना चेहरा उजळ करण्याचा मोह होतो. काही दुकानांत तर न विचारताच करून देतात. आजोबा उन्हातान्हात राबलेले, रंगाने सावळे. प्रत आली ती गोरी गुळगुळीत. फोनवरची नवी ॲप्स आणखी पुढे जातात. ती जुन्या फोटोत स्वतःच्या मनाने रंग भरतात, अस्पष्ट डोळे-नाक स्वतःच्या अंदाजाने नवे काढतात. दिसायला सुंदर दिसते. पण तो चेहरा आपल्या आजोबांचा राहत नाही, कुणा तिऱ्हाइताचा होतो. बारा गाव हिंडून ज्या एका फोटोत त्यांचा खरा चेहरा उरला आहे, तो आपणच पुसून टाकावा, हे बरे नाही. प्रिंटरमध्ये ‘फोटो एन्हान्स’ किंवा ‘ऑटो करेक्शन’ असे काही आपोआप चालू असेल, तर ते बंद करावे. दुकानदारालाही स्पष्ट सांगावे, की रंग उजळवू नका, आहे तसा ठेवा.

फोटो हलका तपकिरी हवा असे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवले, तर तसाही छापावा. कित्येक जुने फोटो तसेच होते आणि त्यात बारीकसारीक झाकही लपून जाते. पण तो निर्णय आपला असावा, यंत्राचा नव्हे.

फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्या माणसाचे पूर्ण नाव, गाव आणि मूळ फोटोचे साल माहीत असेल तर तेही लिहावे. आज आपल्याला चेहरा ओळखता येतो, म्हणून नाव लिहायची गरज वाटत नाही. आणखी तीस वर्षांनी भिंतीसमोर जे मूल उभे राहील, त्याला चेहराही नीट दिसावा आणि नावही वाचता यावे. या येत्या रविवारी घरातला एक जुना फोटो खाली उतरवावा, पुसावा आणि स्कॅन करून ठेवावा. छपाई सावकाश करता येईल.